सोड्याला एवढा रुबाब कशाला? जाहिराती तपासणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मुख्य आयुक्त, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली
अध्यक्ष, अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया (एएससीआय), मुंबई
अध्यक्ष, केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, मुंबई

विषय : दारूच्या नावाने येणाऱ्या सोडा, पाणी, म्युझिक सीडी इत्यादींच्या जाहिरातींत कोणते प्रसंग चालणार नाहीत, हे लिहून काढण्याबाबत.

महोदय, महोदया,

केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला सातवा नियम दारूची प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात करायला मनाई करतो. २००९ साली या नियमाला एक परंतुक जोडले गेले. दारूचे नाव किंवा बोधचिन्ह लावलेली दुसरी एखादी वस्तू जाहिरातीत दाखवता येईल, पण पाच अटींवर. दृश्यांत फक्त तीच वस्तू दिसली पाहिजे. दारूचा सरळ किंवा आडून उल्लेख नको. दारूला उठाव देणारे शब्द किंवा सूचक वाक्ये नकोत. दारूशी जोडले गेलेले रंग, मांडणी आणि सादरीकरण नको. आणि पाचवी अट अशी, की दारूच्या प्रचारात नेहमी वापरले जाणारे प्रसंग या दुसऱ्या वस्तूसाठी वापरायचे नाहीत.

पहिल्या तीन अटी तपासणे सोपे आहे. बाटली दिसली की नाही, शब्द आला की नाही, हे कुणालाही सांगता येते. चौथीसाठी लेबल शेजारी ठेवून ताडून बघावे लागते, तेही जमण्यासारखे आहे. पाचव्या अटीचे घोडे मात्र अडते, कारण ते ‘नेहमीचे प्रसंग’ कोणते हे नियमात लिहिलेले नाही. गेल्या कित्येक वर्षांत दारूच्या नावाने जे काही पडद्यावर आले, ते बहुतेक याच फटीतून आले.

आम्ही जाहिरातपट लिहिण्याच्या, चित्रित करण्याच्या आणि कापण्या-जोडण्याच्या धंद्यातले लोक आहोत. हे प्रसंग कसे रचले जातात, ते आम्हाला ठाऊक आहे. ते तुम्हालाही बारकाईने ठाऊक असावे, एवढ्यासाठी हे पत्र.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमचा आक्षेप अंगप्रदर्शनाला नाही. बाईचा खांदा किती दिसला याची मोजदाद करणारे लोक देशात भरपूर आहेत, त्यांत आमची भर नको. शिवाय या वादात असल्या तक्रारींनी नुकसानच झाले आहे. बिकिनी दिसली की गदारोळ होतो, आणि सूट घातलेला पुरुष गच्चीवर शांतपणे उभा राहिला की कुणी हूं की चूं करत नाही. दारू विकायच्या कामी हा दुसरा माणूस पहिल्या चित्रापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचा आहे.

ही दोन चित्रे आली कुठून ते थोडक्यात पाहू. अमेरिकेत दारूबंदी उठल्यावर स्पिरिट म्हणजे व्हिस्की, जिन वगैरे गाळणाऱ्या कंपन्यांनी स्वतःवरच काही बंधने घालून घेतली. १९३६ पासून रेडिओवर आणि १९४८ पासून दूरचित्रवाणीवर त्यांनी जाहिरात केली नाही. जाहिरातीत बाई दाखवायचीच नाही, असाही त्यांचा दंडक होता, तो १९५८ साली सैल झाला. त्याआधीच्या छापील जाहिराती चाळल्या तर चामड्याची खुर्ची, पुस्तकांचे कपाट, शेकोटी, शिकारी कुत्रा, घोडा असेच सगळे दिसते. म्हणजे प्रतिष्ठेचा सगळा सरंजाम बाईशिवायच उभा राहिला होता. बाईला परवानगी मिळाल्यावर तिला याच सरंजामात आणून बसवले. ब्लॅक व्हेल्व्हेट या कॅनेडियन व्हिस्कीने काळ्या मखमलीच्या पोशाखातली मॉडेल वर्षानुवर्षे वापरली. पोत कापडाचा, नाव बाटलीचे आणि स्पर्शाची कल्पना वाचणाऱ्याच्या डोक्यात.

१९७३ साली विल्सन ब्रायन की या लेखकाने गिल्बीज जिनच्या एका जाहिरातीकडे बोट दाखवले. बर्फाच्या खड्यांत ‘सेक्स’ ही अक्षरे दडवली आहेत, असे त्याचे म्हणणे. त्यानंतर लोक भिंगे घेऊन बर्फ तपासू लागले. आमच्या धंद्यातल्या लोकांना याचे हसूच येते. जे उघड्यावर मांडलेले आहे आणि ज्याला कुणी हरकत घेत नाही, ते खड्यात कोरत बसायचे कशाला?

पुढे दोन वाटा स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. बिअरने भडक वाट धरली. १९९१ मध्ये स्ट्रोज कंपनीच्या ओल्ड मिलवॉकी बिअरच्या जाहिरातींत सोनेरी केसांच्या ‘स्वीडिश बिकिनी टीम’चे आकाशातून पुरुषांच्या टोळक्यात आगमन होत असे. त्याच वर्षी त्या कंपनीच्या सेंट पॉल इथल्या कारखान्यातल्या महिला कर्मचाऱ्यांनी लैंगिक छळाचा दावा लावला आणि कामाच्या जागी जे चालते त्याला या जाहिरातीही खतपाणी घालतात, असे म्हटले. महागड्या स्पिरिटने मात्र दुसरी वाट धरली. अ‍ॅब्सोलूट व्होडका १९७९ साली अमेरिकेत आली आणि तिच्या जाहिरातींत माणूसच उरला नाही. उजळलेली बाटली, खाली दोन शब्द. १९८०च्या दशकाच्या मध्यावर नामवंत चित्रकार अँडी वॉरहॉलने तिचे चित्र काढले आणि बाटली थेट कलेच्या दालनात जाऊन बसली. चवीबद्दल एक अक्षर न लिहिता ती ‘जाणकारांची’ झाली. २००६ मध्ये डोस इक्विस बिअरने दोन्ही वाटा एकत्र आणल्या. पिकल्या दाढीचा, भारदस्त आवाजाचा, ‘जगातला सर्वांत रंजक माणूस’, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तरुण स्त्रिया. तो स्वतः सांगतो की मी बिअर नेहमी पीत नाही. विकण्याची ही सर्वांत हुशार तऱ्हा. माल दुय्यम, माणूस मुख्य.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. तीस सेकंदांची अशी फिल्म कशी रचली जाते?

साधारण पहिली चार ते पाच सेकंदे जागेला देतात. रात्र किंवा मावळतीची वेळ, उंचावरची जागा, खाली शहराचे दिवे धूसर झालेले. रात्र एवढ्यासाठी, की ती कामाची वेळ नसते. उंची एवढ्यासाठी, की बाकीचे जग खाली राहते. पुढची सहा-सात सेकंदे पुरुषाच्या प्रवेशाला. तो घाईत नसतो. कॅमेरा कमरेच्या उंचीवरून किंचित वर बघतो, त्यामुळे तो मोठा भासतो. टाय सैल असतो किंवा वरचे बटण उघडे, म्हणजे दिवस जिंकून आलेला. त्याला बोलायला लावत नाहीत, बोलला तर एखादेच वाक्य. मग येते नजरांची मालिका, हा या फिल्मचा कणा. आधी मित्र वळून बघतात, मग अनोळखी लोक, आणि सर्वांत शेवटी ती. तिच्या मागे प्रकाश असतो, केसांच्या कडा उजळलेल्या असतात, ती पार्श्वभूमीतून पुढे येते आणि तिची नजर जितका वेळ टिकवता येईल तितका वेळ टिकवतात. दीड सेकंद ही या कामात मोठी मुदत आहे. त्याने तिच्याकडे आधी बघायचे नाही, हा न लिहिलेला नियम. तिने आधी बघितले की तो ‘निवडला गेला’.

यानंतर लगेच, मध्ये श्वासही न घेता, ब्रँड येतो. हा क्रम निव्वळ सवयीचा नाही. एखाद्या चिन्हाच्या लगोलग आधी किंवा सोबत सुखद चित्र पुन्हापुन्हा दाखवले की त्या चित्राचा गोडवा चिन्हाला चिकटतो, आणि त्यासाठी बघणाऱ्याने काही पटवून घ्यायची गरज नसते. म्हणून संकलनाच्या टेबलावर सर्वाधिक भांडणे होतात ती या जोडावर. नजर आणि नाव यांच्यामध्ये एखादा फालतू शॉट शिरला की परिणाम पातळ होतो, हे सगळ्यांना माहीत असते.

शेवटचे चार-पाच सेकंद म्हणजे पॅक शॉट, मालाचे जवळून दर्शन. पूर्वी, जिथे दारू दाखवता येते तिथे आजही, या शॉटवर सर्वांत जास्त कारागिरी ओतली जाते. खरा बर्फ दिव्यांखाली वितळतो आणि गढूळ दिसतो, म्हणून अ‍ॅक्रिलिकचे खडे वापरतात. बाटलीवरचे थंडगार थेंब ग्लिसरीन आणि पाणी अर्धे-अर्धे मिसळून फवाऱ्याने मारलेले असतात, कारण नुसते पाणी ओघळून जाते आणि ग्लिसरीन तासन्‌तास थांबते. बाटलीच्या मागे तिच्याच आकाराचा चंदेरी कागद कापून लपवतात, म्हणजे आतला द्रव आतूनच पेटल्यासारखा दिसतो. व्हिस्कीचा रंग अनेकदा पातळ केलेल्या चहाचा असतो. ओततानाचा शॉट सेकंदाला शंभराहून जास्त फ्रेमवर घेतात, म्हणून तो मधासारखा सावकाश उतरतो. आणि आवाज! खड्यांचा किणकिणाट, झाकणाचा फसकारा, हे सगळे नंतर स्टुडिओत वेगळे ध्वनिमुद्रित करून वर चढवलेले असते.

आता हे सगळे नियमांच्या चाळणीतून काढून बघा. भारतात चाळणीने काय अडवले? फक्त पॅक शॉटमधली बाटली आणि पेला. जागा, वेळ, चाल, नजरांची मालिका, जोडाचा क्रम, हे सगळे जसेच्या तसे खाली उतरले. शेवटी बाटलीच्या जागी सीडीचे वेष्टन आले, सोड्याची बाटली आली किंवा नुसतीच एक ओळ आली. ग्लिसरीनचे थेंब तर सोड्यावर कायदेशीरपणे मारता येतात, आणि खड्यांचा किणकिणाट पाण्याच्या पेल्यातही होतो. तीस सेकंदांतले पंचवीस सेकंद जुनेच. बदलले फक्त पाच.

इंपीरियल ब्लूची ‘मेन विल बी मेन’ ही मालिका बहुतेकांना आठवत असेल. लिफ्टमध्ये देखणी तरुणी शिरते आणि आतले पुरुष श्वास रोखून पोट आत ओढतात. विनोद चांगला आहे, ते मान्य. पण ती ज्या वस्तूची म्हणून दाखवली गेली त्या म्युझिक सीडीचा त्या विनोदाशी काय संबंध? गाणे कुठले, गायक कोण, सीडी कुठे मिळते, बघणाऱ्याला काहीच कळत नाही. किंगफिशरचे कॅलेंडर २००३ साली सुरू झाले. त्यात बाटली नव्हती, समुद्रकिनारा होता, पोहण्याच्या पोशाखातल्या मॉडेल होत्या, आणि कोपऱ्यात नाव होते. दोन वर्षांनी त्याच नावाची विमाने उडू लागली. ब्लेंडर्स प्राइडने फॅशन टूर भरवली. रॉयल चॅलेंजच्या नावावरून २००८ मध्ये क्रिकेटचा संघच उभा राहिला. कॅलेंडर, विमान, फॅशन शो, संघ या खऱ्या गोष्टी आहेत, त्यांना खोटे कुणी म्हणू शकत नाही. म्हणूनच ‘वस्तू खरी आहे का’ हा प्रश्न अपुरा पडतो.

आणि तुमच्या तपासणीचा सगळा भर नेमका याच प्रश्नावर आहे. केबल नियमांनुसार चार्टर्ड अकाउंटंटचे प्रमाणपत्र लागते : वस्तू पुरेशा प्रमाणात वितरित होते, पुरेशा दुकानांत मिळते आणि जाहिरातीचा खर्च विक्रीच्या मानाने भलताच नाही, असे त्यात लिहून द्यायचे. एएससीआयच्या निकषांत दोन वर्षांहून जुन्या वस्तूसाठी देशभरात वर्षाला ५ कोटी रुपयांची किंवा राज्यामागे १ कोटीची उलाढाल बघितली जाते. हे निकष उपयोगाचे आहेत. त्यांनी दुकानात कधीच न सापडणाऱ्या सीडींचा धंदा अवघड केला. पण मोठ्या कंपनीला ५ कोटींचे पाणी विकणे कठीण नाही. आणि उलाढाल खरी ठरली की जाहिरातीत काय दाखवले याकडे बघण्याचा उत्साह मावळतो. सीए पेट्या मोजून देईल. पाण्याच्या जाहिरातीत पियानो, मेणबत्त्या आणि उघड्या पाठीचा गाउन कशासाठी, हे विचारणे त्याचे काम नाही. ते तुमचे आहे.

प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी सरोगेट जाहिरातींना, म्हणजे बंदी असलेल्या मालाची दुसऱ्या वस्तूच्या आडून केलेल्या जाहिरातींना, स्पष्ट मनाई केली. त्या कुठल्याही माध्यमाला लागू आहेत, हे त्यांचे बळ. नाव, बोधचिन्ह, रंग, मांडणी आणि सादरीकरण यांचा उल्लेख तिथेही आहे. पण पाठोपाठ सवलत येते : दारूचेही जे नाव आहे, ते नुसते वापरले म्हणून जाहिरात सरोगेट ठरत नाही, ती ‘अन्यथा आक्षेपार्ह’ नसली म्हणजे झाले. हे ‘अन्यथा’ म्हणजे नक्की काय? केबल नियमांतली पाचवी अट जिथे अडली, तिथेच ही सवलतही येऊन थांबते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख आणि पुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो, जाहिरातीत झळकणाऱ्या प्रसिद्ध चेहऱ्यावर एक वर्षापर्यंत आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत बंदीही घालता येते. दंड आहे, गुन्ह्याचे वर्णन मात्र अर्धवट आहे.

सूट घातलेला माणूस बिकिनीपेक्षा जास्त उपयोगाचा, असे वर म्हटले, त्याचे कारण सांगतो. भडक चित्र लक्ष वेधते, पण लक्ष चित्रावरच अडकते आणि नाव विसरले जाते. हे धंद्यातल्या लोकांना फार पूर्वीच कळले आहे. शिवाय ते घरात सर्वांसमोर बघता येत नाही. रुबाबाचे तसे नसते. तो आई-वडिलांसमोरही चालतो. तो दारूला चैनीच्या किंवा व्यसनाच्या खात्यातून काढून ‘पोचलेल्या माणसाच्या’ खात्यात टाकतो. नुकती नोकरी लागलेल्या पोराला बिकिनीवाली आपल्याला मिळेल असे वाटत नाही, तो तेवढा खुळा नसतो. पण नीट इस्त्रीचा शर्ट, योग्य पेला, योग्य नाव घेतले तर त्या गच्चीवर आपल्यालाही जागा आहे, हे त्याला सहज पटते. आणि तिची नजर त्या गच्चीवरच असते. लैंगिक आकर्षण इथे संपलेले नसते, ते बक्षीस म्हणून एक पायरी वर सरकवलेले असते.

या पायऱ्या किमतीनुसार ठरतात. स्वस्त ब्रँड यारी-दोस्ती आणि मर्दानगी विकतो, मधला यश विकतो, वरचा अभिरुची विकतो. जसजसे वर जावे तसतशी फिल्ममधली माणसे कमी होतात, आवाज खाली येतो, रंग काळा-सोनेरी होतो आणि बाईचे कपडे वाढतात. सर्वांत वरच्या पायरीवर ती काही करतही नाही, नुसती असते. तक्रार येण्याची शक्यता याच क्रमाने घटत जाते.

स्त्रिया स्वतः ग्राहक झाल्या तेव्हा हा साचा मोडला नाही, उलटा केला एवढेच. तिचे स्वतःचे घर, स्वतःचा पगार, मैत्रिणींचा घोळका, आणि स्वातंत्र्याची खूण म्हणून हातात काहीतरी. नजरांची मालिका तीच, बघणारे बदलले.

गंमत अशी की ज्या गोष्टीचे हे सगळे आश्वासन दिले जाते, तिच्या वाटेत दारूच आडवी येते. अल्कोहोल मज्जासंस्थेला मंद करते. संकोच सुटतो, पण त्याबरोबर समोरच्याचे मन नीट वाचण्याची आणि स्वतःला आवरण्याची शक्तीही सुटते. पुरुषांत मात्रा वाढली की शरीर साथ देत नाही. हे फिल्ममध्ये येणे शक्य नाही, म्हणून फिल्म कायम पहिल्या घोटाच्या आसपासच थांबते. तिसरा पेला कुठल्याच जाहिरातीत नसतो.

इतर देशांनी याचे काय केले, त्यातले दोन प्रयोग शिकण्यासारखे आहेत. एक फसण्याच्या दृष्टीने, एक जमण्याच्या.

ब्रिटनमधली जाहिरात संहिता म्हणते, की दारूचा संबंध मोहात पाडण्याशी, शरीरसंबंधांशी किंवा त्यातल्या यशाशी जोडू नये आणि दारूने माणूस आकर्षक होतो असे सुचवू नये. २००५ साली हे नियम कडक झाले. त्याच सुमारास लँब्रिनी या मद्याच्या एका जाहिरातीत जत्रेतल्या खेळात बायका गळ टाकून एका पुरुषाला पकडतात, असे चित्र होते. सल्ला देणाऱ्या समितीने कळवले की तो पुरुष अनाकर्षक हवा : लठ्ठ, मध्यमवयीन, टक्कल पडलेला वगैरे. झाले, वर्तमानपत्रांना महिनाभर पुरेल इतका मसाला मिळाला. नियमाचा हेतू रास्त होता, पण अंमल करताना समिती ‘कोण देखणा’ ठरवायला बसली. आपल्याकडे हाच रस्ता धरला तर त्याहून वाईट होईल, कारण इथे देखणेपणाबरोबर शालीनतेचाही न्यायनिवाडा सुरू होईल.

फ्रान्सने दारूच्या जाहिरातींसाठीच्या १९९१ च्या एव्हँ कायद्यात उलटी वाट धरली. काय दाखवू नये याची यादी करण्याऐवजी काय सांगता येईल याचीच यादी केली : अल्कोहोलचे प्रमाण, मूळ ठिकाण, नाव, घटक, उत्पादकाचे नाव-पत्ता, बनवण्याची रीत, विक्रीच्या अटी आणि पिण्याची पद्धत. उगम आणि चवीसारखे गुण २००५ साली यादीत आले. सोबत आरोग्याचा इशारा. दूरचित्रवाणी आणि चित्रपटगृहे बंदच. या यादीत गच्ची बसत नाही, नजर बसत नाही, मखमल बसत नाही. कोण आकर्षक हा प्रश्नच उद्भवत नाही. कंपन्यांनी यातूनही पळवाटा काढल्या, नंतर काही ठिकाणी कायदा सैलही झाला, पण तपासणाऱ्याच्या हातात मोजपट्टी राहिली.

आपल्याकडे दारूची जाहिरात मुळातच बंद आहे, तेव्हा ही यादी दारूला नव्हे, दारूचे नाव लावलेल्या वस्तूला लावायची. आमची मागणी एवढीच आहे. पाण्याची जाहिरात असेल तर पाण्याबद्दल बोला : कुठले, कसे शुद्ध केले, किती मापात, किती किमतीला, कुठे मिळते. सोड्याची असेल तर बुडबुडे किती वेळ टिकतात ते दाखवा. सीडी असेल तर गाणे ऐकवा. पेल्याची असेल तर काच दाखवा. याला कुणाही खऱ्या पाणी-विक्रेत्याची हरकत असणार नाही.

हे तपासायचे कसे? स्टोरीबोर्ड, म्हणजे फिल्मचा शॉटवार चित्रांचा आराखडा, हातात आल्यावर चार गोष्टी करता येतील, त्यांना तज्ज्ञ लागत नाही.

पहिली, घड्याळ. दाखवलेली वस्तू पडद्यावर किती सेकंद आहे ते मोजा. तीस सेकंदांत दहापेक्षा कमी असेल तर फिल्म परत पाठवा. हा आकडा आमचा आहे, तुम्ही दुसरा ठरवा, पण ठरवा. नुसते नाव किंवा बोधचिन्ह दिसणे यात धरू नका, वस्तू वापरात दिसली पाहिजे.

दुसरी, अदलाबदल. शेवटच्या पाच सेकंदांवर हात ठेवा आणि तिथे त्याच नावाची दारूची बाटली आहे असे समजा. फिल्म आधीपेक्षा जास्त जुळली, तर ती कुणाची आहे हे उघड आहे. मग तिथे अगदी अनोळखी नावाची पाण्याची बाटली कल्पून बघा. विचित्र वाटले, तर उत्तर पक्के झाले. याच्या जोडीला त्या कंपनीच्या, दारू दाखवायला परवानगी असलेल्या देशांतल्या फिल्मा मागवून घ्या. एकाच संकल्पनेच्या दोन आवृत्त्या, तिथे पेल्यासह आणि इथे पेल्याविना, असा प्रकार असेल तर तो शेजारी ठेवताच दिसतो.

तिसरी, जोड. ब्रँडचे नाव येण्याच्या आधीच्या तीन सेकंदांत काय आहे ते लिहून काढा. कुणाची तरी कौतुकाची किंवा ओढीची नजर असेल, तर ती तिथे का आहे याचा वस्तूशी संबंध असलेला खुलासा मागा. इथे नजर टाकणारी बाई आहे की पुरुष, देखणी आहे की नाही, कपडे किती, यातले काहीही विचारायचे नाही.

चौथी, आवाज. चित्र झाकून नुसते ऐका. बर्फाचा किणकिणाट, ओतण्याचा आवाज, दारूच्या जाहिरातीतून ओळखीचा झालेला सुरांचा तुकडा ऐकू आला, तर चौथ्या अटीतल्या ‘सादरीकरणा’खाली तो धरता येतो. आजवर रंग आणि लेबल बघितले जाते, कान मात्र कुणी लावत नाही.

पळवाटा कुठून निघतील तेही आम्हाला दिसते. वस्तू दहा सेकंद दाखवायची म्हटल्यावर नायकाच्या हातात सोड्याची बाटली पूर्ण वेळ देतील आणि बाकी सारे तसेच ठेवतील. म्हणून घड्याळ एकटे पुरणार नाही, अदलाबदलही करावीच लागेल. फिल्मच न करता कार्यक्रम भरवतील आणि त्याची क्षणचित्रे मोबाइलवर फिरवतील. इन्फ्लुएन्सरला पैसे न देता नुसते आमंत्रण, मुक्काम आणि कपडे देतील, आणि ती जाहिरात नव्हेच असे म्हणतील. दूरचित्रवाणीसाठी निदान प्रमाणन मंडळाचे पूर्वपरीक्षण आहे. ऑनलाइन फिल्मला ते नाही, तिथे तक्रार आल्यावरच काम सुरू होते, आणि मोहिमेचा मुख्य भर काही आठवड्यांत संपतो. निकाल लागेपर्यंत फिल्म आपले काम करून गेलेली असते, मग ती मागे घ्यायला कंपनी आनंदाने तयार होते. म्हणून दारूचे नाव असलेल्या कुठल्याही वस्तूची फिल्म, माध्यम कोणतेही असो, चित्रीकरणाआधी स्टोरीबोर्डच्या टप्प्यावर बघितली जावी. या टप्प्यावर बदलाचा खर्च कागदाचा असतो. चित्रीकरण झाल्यावर तो इतका असतो की एजन्सी, क्लायंट आणि वकील तिघेही एकजुटीने ती फिल्म वाचवायला उभे राहतात.

शेवटची विनंती नोंदींची. नाकारलेल्या स्टोरीबोर्डांचे वर्णन, कारणासह आणि कंपनीचे नाव वगळून, वर्षातून एकदा प्रसिद्ध करा. पटकथा लिहायला बसलेल्या माणसाला क्लायंटसमोर ‘हे चालणार नाही’ म्हणताना दाखवायला आज काहीही कागद नसतो. पहिली यादी अपुरी असेल, तिच्यावर वादही होतील. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की पाचव्या अटीचा अर्थ त्यातूनच ठरत जाईल. तुमची समिती या कामाला बसणार असेल, तर शॉटवार तपासणीचा नमुना तक्ता भरून दाखवायला आम्ही येऊ.

आपले,
जाहिरातपट निर्मितीच्या क्षेत्रातील काही लेखक, छायाचित्रकार आणि संकलक